हेडला की टेलला?

कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला न्याय म्हणजे काय, असं विचारू नये. तो उलट विचारतो, तुमचं रान कुठं आहे, हेडला की टेलला, म्हणजे चारीच्या तोंडाशी की शेवटाला? आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक येतात. परवा त्यांनी विषय काढला, की समाजात रास्त वाटप कशाला म्हणायचं याची व्याख्या करता येते का. बाकीचे आरक्षण, पगार, पेन्शन यावर घसरले. मी गप्प होतो, कारण माझ्या डोक्यात चारी, म्हणजे कालव्यातून रानांकडं पाणी नेणारा छोटा पाट, वाहायला लागली होती. तिथं बोललो असतो तर चहा गार झाला असता, म्हणून इथं लिहितोय.

पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्याकडं शेजपाळी, म्हणजे पाळीपाळीनं पाणी द्यायची पद्धत. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरतो, कुठल्या गटात कोणतं पीक, किती क्षेत्र. अर्ज मंजूर झाले की यादी लागते आणि आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरावीक पाणी, सुटलं की चारीवरच्या रानांना एकाला लागून एक पाणी द्यायचं. नियम सोपा, क्षेत्र जितकं तितके तास. ऐकायला याच्याइतकं रास्त काही नाही. घड्याळ कुणाचं मेहुणं नसतं.

पण चारीवर उभं राहिलं की घड्याळाचा न्याय फाटतो. तोंडाशी ज्याचं रान आहे त्यानं बारं, म्हणजे रानात पाणी घ्यायचं तोंड, फोडलं की पाणी लगेच सरीत. शेवटच्या माणसाला तेवढेच तास दिले, तरी आधी कोरडी चारी भिजायची, खेकड्यांची बिळं प्यायची, वर कुणीतरी दाबून ठेवलेल्या गोणपाटाच्या कडेनं पाझरायचं, मग उरलेलं त्याच्या रानात. तास सारखे, पाणी निम्मं. पंजाब-हरियाणाकडं वारबंदीत, म्हणजे प्रत्येकाला ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी पाणी द्यायच्या पद्धतीत, चारी भरायला लागणारा वेळ हिशेबात वेगळा धरतात, त्याला भराई म्हणतात. म्हणजे सारखं मिळावं म्हणून काहींना तास जास्त द्यायचे. हेडचा माणूस यालाच अन्याय म्हणणार, आणि यादी वाचली तर त्याचंही खोटं नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. आमच्या एका पोटचारीच्या शेवटाला एका मावशींचं एकराच्या आतलं रान होतं. नवरा नव्हता, पोरगा कंपनीत. त्यांची पाळी यायची ती मध्यरात्री. पदर खोचलेला, हातात खोरं, बॅटरी तोंडात धरलेली आणि पायात पोराचे जुने बूट, विंचूकाट्याच्या भीतीनं. मी फेरीवर होतो. मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या पाळीला कधी दिवस उगवतो का?" तासाला तास बरोबर होता, पाणीही त्या दिवशी बरं होतं. तरी त्या मुद्द्याचं बोलत होत्या. रात्रीचं पाणी निम्मं बांधावरून जातं, आणि बाईमाणसाला दारं धरायला सोबत लागते, त्या सोबतीची मजुरी वेगळी. वारबंदीत याचाही तोडगा काढलेला आहे, दर वर्षी पाळी बारा तासांनी सरकवतात, यंदा रात्र असेल तर पुढच्या साली दिवस. आमच्याकडं पाटकऱ्याला, म्हणजे चारीवर पाणी सोडणाऱ्या माणसाला, पटवून आम्ही तसं थोडंफार केलं. ज्यांचा दिवस गेला ते दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. (शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा हीच मंडळी अन्याय अन्याय म्हणून ओरडतात.)

प्राध्यापकांना हवी होती ती व्याख्या करून बघितलेला एक माणूस आपल्याकडं होऊन गेला, विलासराव साळुंखे. पुण्याचे इंजिनीअर, स्वतःचा कारखाना. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कसायला घेतली आणि पुढं पाणी पंचायत उभी केली. त्यांनी पहिलाच घाव मुळावर घातला. पाणी जमिनीला नाही, माणसाला द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. घरात खाणारी तोंडं पाच आणि जमीन वीस एकर असली तरी पाणी अडीच एकराचंच. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी घालायचा, फुकट काही नाही.

आजही हे नियम वाचून बागायतदार खुर्चीत हलतो. हलण्यासारखंच आहे. आपल्याकडं शेकडो वर्षं पाणी बांधाला बांधलेलं, ज्याची जमीन त्याचं पाणी, आणि ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त. हा माणूस म्हणाला, तहान जमिनीला लागत नाही. पुढं त्यातल्या काही योजना चालल्या, काही बंद पडल्या. कुठं भूजल खाली गेलं, कुठं शेजारच्या गावातला ऊस बघून लोकांचं मन फिरलं. त्यामुळं नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. नियम बरोबर असला तरी तो पाळत राहायला रोज कुणीतरी उठावं लागतं.

त्याच्याही आधीची एक पद्धत मला जास्त हुशारीची वाटते, फडाची. धुळे आणि नाशिक जिल्ह्यात पांझरा, मोसम या नद्यांवर छोटे बंधारे घालून पाट काढलेले, तीन-चारशे वर्षं जुनी व्यवस्था. पाटाखालचं रान मोठमोठ्या फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, कुणी मध्येच आपल्या मनानं ऊस घुसवायचा नाही. बहुतेकांची जमीन एकाच जागी नाही, या फडात तुकडा, त्या फडात तुकडा. पाणी कमी पडलं की सगळ्यांना थोडं थोडं चाटवत बसायचं नाही, एखादा फड त्या साली सोडून द्यायचा. तुमचाही तुकडा त्यात पडीक, माझाही. त्यामुळं फड सोडायचा ठराव करताना मिशीला पीळ देऊन बसायला कुणाला जागाच नाही. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, आणि त्यांची मजुरी गावानं द्यायची. पाटकरी कुणा एकाचा नोकर नाही, इथंच निम्मं काम झालं.

इंजिनीअर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली तीही याच जातकुळीतली. सगळं पाणी वरच्या चार गावांच्या उसात जिरू नये म्हणून क्षेत्राचे ब्लॉक पाडायचे, त्यातला तिसऱ्या हिश्शाएवढाच ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, म्हणजे पाणी जास्त गावांना पोचतं. पुढं त्याचं काय झालं ते उसाचे ट्रॅक्टर बघितले की कळतं.

माझं म्हणणं एवढंच. रास्त वाटा किती, याचं उत्तर जमिनीवरून काढा, तोंडावरून काढा, गरजेवरून काढा, कुणाचा हक्क जुना यावरून काढा, प्रत्येक वेळी कुणीतरी खरोखरचा दुखावतो. पण वाटणारा स्वतः कुठं उभा आहे, हे विचारता येतं. आमच्या गावात वाटणीच्या वेळी म्हणायचे, थोरल्यानं वाटे पाडावेत, धाकट्यानं आधी उचलावा. थोरला मग बांध पाडताना डोळ्यात तेल घालतो. कालव्यावर ज्या चारीला पाणी वापर संस्थेचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच पाणी वाटायला केलेल्या संस्थेचा, अध्यक्ष टेलचा होता, तिथं माझ्याकडं तक्रारी कमी यायच्या. हेडचा अध्यक्ष मनानं वाईट नसायचा. त्याला फक्त कोरडी चारी दिसायची नाही.

आता गोदावरीचं घ्या. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा सांगतो, खोऱ्यात तूट असेल तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. पुढं मेंढेगिरी समितीनं तक्ता करून दिला. त्यात होतं, ऑक्टोबरच्या मध्याला पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या आत असेल तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 साली ऑक्टोबरअखेर 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला आणि आमच्या घरात महाभारत सुरू झालं. लेक नाशिकला दिलीय, तिच्या सासरी द्राक्षबागा. धाकटी सून पैठणची. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जावई लिहितात, सोडलेल्या पाण्यातलं किती नदीतच मुरतं ते बघा, हा काय न्याय? सून लिहिते, दाजी, मुरायचं म्हणून आमच्याकडं प्यायचंच नाही का? दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते, कारण मी खात्यातला.

मी जावयांना फोन केला. न्यायाबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, यंदा मे महिन्यात पोरांना घेऊन इकडं येण्याऐवजी आठ दिवस पैठणकडच्या व्याह्यांकडं जा, टँकरच्या वेळेला घरी थांबा. ते हसले, म्हणाले, "अण्णा, बागेची छाटणी असते." द्राक्षाची छाटणी मे उजाडायच्या आत एप्रिलमध्येच उरकलेली असते, हे मलाही कळतं. सुनेलाही सांगितलं, बाग एकदा वाळली की नवीन वेल धरायला किती वर्षं जातात ते दाजींना विचार, टोमणा न मारता. तिनं विचारलं. त्यांनी लांबलचक मेसेज लिहिला, खर्चाच्या आकड्यांसकट. तिनं तो वाचून खाली लिहिलं, की हे सगळं खरं आहे, पण मग वरच्या भागात उसाला किती जातं तेही लिहा. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.