घोटा

रात्री साडेअकरा.

आज पुन्हा १६ फेब्रुवारी २०११ची मॅच लावली. फुटबॉलची, आर्सेनल-बार्सिलोना. ती सुरू झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजला होता. बाबांची झोपमोड नको म्हणून टीव्ही मुका करून बघितली होती. समोर बार्सिलोनाचे झावी, इनिएस्ता, बुस्केट्स, आणि त्यांच्या गराड्यात आर्सेनलचा एकोणीस वर्षांचा जॅक विल्शर. माणूस पाठीला चिकटलेला असताना बॉल डाव्या पायावर घ्यायचा, खांदा किंचित पाडायचा, की वळून मोकळा! व्हॅन पर्सी आणि अर्शाविनच्या गोलांनी आपण आर्सेनलवाले २-१ने जिंकलो, पण माझ्या डोळ्यांसमोर आजही येतं ते हे वळणं.

त्या मोसमात आर्सेनलकडून तो ४९ सामने खेळला. कोवळ्या हाडांवर केवढा भार तो! उन्हाळ्यात घोटा गेला आणि २०११-१२चा अख्खा मोसम बुडाला. ऑक्टोबर २०१२मध्ये परतला. मग पुन्हा घोटा, पुन्हा पाऊल, बोर्नमथ क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना गेला असताना पायाचं हाड. इंग्लंडकडून ३४ सामने; शेवटचा २०१६च्या युरो स्पर्धेत आइसलँडविरुद्ध, वयाच्या चोविसाव्या वर्षी. जुलै २०२२मध्ये, तिशीतच, निवृत्ती.

लोक सहज म्हणतात, पोरगं वाया गेलं. मला हे सहन होत नाही. माझा घोटा मुरगळला होता तेव्हा सहा आठवडे जिना उतरताना कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होतो. बरा झाल्यावरही खड्डा दिसला की पाय आपोआप आखडायचा. आणि हा माणूस तसल्याच घोट्यावर पुन्हा पुन्हा टॅकल झेलायला उभा राहिला.

निवृत्त होताच त्याने आर्सेनलच्या अठरा वर्षांखालच्या पोरांची जबाबदारी घेतली. २०२३ची यूथ कप फायनल वेस्ट हॅमकडून ५-१ने हरले, पण त्याच पोरांमधले एन्वानेरी आणि लुईस-स्केली पुढे मोठ्या टीममध्ये गेले. मार्च २०२५मध्ये लुईस-स्केलीने इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात गोल केला, तेव्हा मला आधी जॅकच आठवला. नंतर जॅक नॉर्विच क्लबचा कोच झाला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये लुटन टाउन क्लबचा मॅनेजर. लहानपणी लुटनच्याच अकादमीतून तो आर्सेनलला आला होता.

तिथल्या एखाद्या पोराने खेळता खेळता घोटा धरला आणि ‘काही नाही, खेळतो मी’ म्हणाला, तरी जॅक त्याला बाहेर घेईल असं मला फार वाटतं.