फार्नहॅम ते चॅल्डन: वाटेवरची दोन गावचर्चे

दक्षिण इंग्लंडमधली कँटरबरीची वारी, म्हणजे संत थॉमस बेकेटच्या समाधीकडची पायवाट, बहुतेकजण विंचेस्टरहून धरतात. मी फार्नहॅम स्टेशन सुचवेन. नॉर्थ डाउन्स वे ही खुणा केलेली वाट तिथेच सुरू होते आणि गिल्डफर्डपर्यंतच्या सुमारे 18 किमीत मोठा चढ नाही. जमीन बरीचशी रेताड, पाणी मुरणारी. पुढे खडूचे डोंगर लागतात; ती वाट ओली झाली की साबणासारखी सरकते, तिथे काठी हवीच. आषाढीला दिंडीत चालणाऱ्यांनी सवय मोडून यावे: चहा-फराळाचे मंडप नाहीत, मुक्कामाचे तंबू नाहीत. दोन लिटर पाणी आणि शिदोरी आपल्याच पाठीवर.

बेकेट हा कँटरबरीचा आर्चबिशप; त्याचा खून 29 डिसेंबर 1170 चा. 1173 मध्ये त्याला संतपद मिळाले, 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात समाधी मोडली. ‘पिलग्रिम्स वे’ (यात्रेकरूंची वाट) हे नाव मात्र नकाशांवर रुजले ते 19व्या शतकात. त्यामुळे पायाखालच्या वाटेवर फार भाविक होऊ नये. मध्ययुग खरे भेटते ते आजूबाजूच्या गावचर्चांत.

पहिले कॉम्प्टनचे सेंट निकोलस. वाट वॉट्स गॅलरी या कलादालनाशी येते आणि लोक तिथूनच सरळ पुढे जातात. चर्चसाठी दक्षिणेला गावात उतरावे लागते. आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारावी. ओबडधोबड दगडांचा मनोरा नॉर्मनांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकले त्याआधीचा. आतले खांब 12व्या शतकातले, खडूच्या दगडाचे. हा दगड मऊ, नक्षीला सोपा; पण बाहेर वापरला तर पाणी शोषतो आणि थंडीत त्या पाण्याचे बर्फ होऊन त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून तो आत.

खरी दुर्मीळ गोष्ट वेदीपाशी आहे: गर्भगृह दुमजली. खाली ठेंगणी दगडी कमान, वर छोटे प्रार्थनास्थळ आणि त्याला अर्धगोल कमानींचा लाकडी कठडा. इंग्लंडच्या चर्चांतल्या सर्वांत जुन्या लाकूडकामांपैकी हा एक, तोही 12व्या शतकातला. जाताना चॅन्सेलच्या, म्हणजे वेदीकडच्या भागाच्या कमानीवर ओरखडून काढलेले शिलेदाराचे चित्र शोधावे; विजेरी समोरून नको, बाजूने तिरपी धरली तरच रेघा उठतात.

कुठल्याही गावचर्चमध्ये उपयोगी पडणारी एक खूण: 13व्या शतकापासूनचा रिवाज असा की नेव्हची, म्हणजे लोक उभे राहत त्या भागाची डागडुजी गावकऱ्यांकडे आणि चॅन्सेलची रेक्टरकडे, म्हणजे गावच्या मुख्य धर्मगुरूकडे, कारण धान्याचा दशमांश तो घेई. दोन्हीकडचे बांधकाम जुळत नसेल तर आधी हे खातेवाटप आठवावे.

गिल्डफर्डपुढच्या टेकडीवरचे सेंट मार्थाज चर्च बरेचसे 1850 च्या सुमाराचे पुनर्बांधकाम. पाणी प्यावे, देखावा पाहावा, निघावे.

चॅल्डनपर्यंत आणखी दोन दिवस धरा. मर्स्टम सोडून चढ चढल्यावर चर्च वाटेच्या थोडे उत्तरेला आहे. तिथले भित्तिचित्र इ.स. 1200 च्या सुमाराचे, सुमारे 5 मीटर रुंद, गेरू आणि पिवळ्या मातीचे. मधोमध शिडी, वर स्वर्ग, खाली नरक. लबाड कारागिरांना काट्यांच्या पुलावरून जावे लागते आणि सावकार ज्वाळांत बसला आहे. चुन्याच्या थरांखाली ते झाकले गेले आणि त्यामुळेच टिकले. 1870 च्या सुमारास पुन्हा उघडे झाले. नवखा माणूस आत येताच वेदीकडे बघतो. चित्र पश्चिम भिंतीवर आहे, तेव्हा वेदीकडे पाठ करून उभे राहा.