गेथशेमानेच्या बागेत ताइफची गोष्ट

जॉर्डन-इस्राएल-इजिप्त टूरमध्ये जेरुसलेमचा दिवस सगळ्यात जड. चालणं भरपूर, चढउतार भरपूर, आणि लोकही त्या दिवशी जरा हळवे झालेले असतात. मी टूर मॅनेजर आहे, तिकडे लायसन्सवाला लोकल गाइड लागतोच, तो इंग्रजीत सांगतो आणि मी मराठीत. हा दिवस तिथलं ऑक्टोबर 2023 मधलं युद्ध सुरू व्हायच्या आधीचा. ग्रुपमध्ये वसईचं एक कॅथलिक जोडपं होतं, पुण्याकडची बरीच मंडळी होती आणि दापोलीकडचे एक रिटायर्ड सर आणि त्यांची बायको, कोकणी मुस्लिम, सर शाळेत इतिहास शिकवायचे.

बस ऑलिव्हच्या डोंगरावर चढत होती आणि पुण्याच्या एका काकांनी मागून मोठ्याने विचारलं, "मॅडम, येशू म्हणजे क्षमा आणि मुहम्मद म्हणजे लढाया, एवढाच फरक ना?"

बस एकदम गप्प. सरांच्या बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. आम्हाला सांगितलेलं असतं की धर्म आणि राजकारण निघालं की विषय बदलायचा, पण जेरुसलेममध्ये उभं राहून धर्माचा विषय कसा बदलणार, आणि त्या बाईंचा चेहरा बघून मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "काका, आज आपण ज्या ज्या जागी जाणार तिथे उभं राहूनच यावर बोलू."

पहिलीच जागा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं येशूच्या स्वर्गारोहणाचं ठिकाण. छोटीशी अष्टकोनी इमारत, क्रुसेडर म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या काळातली, 1187 मध्ये सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतल्यावर तिची मशीद झाली आणि आजही ताबा मुस्लिम वक्फकडेच आहे. आत जमिनीत एक दगड, त्यावरचा ठसा येशूच्या पावलाचा मानतात. वसईच्या मावशींनी वाकून त्याला हात लावला, डोळ्यांना लावला, आणि मागे बघतात तर सर हात पुढे धरून दुआ मागत होते. "तुम्हीपण?" त्यांनी विचारलंच. सर म्हणाले, "ईसा आमचेही पैगंबर आहेत हो, ते कुमारी मरियमचे पुत्र हे कुराणातच आहे, त्यांना अल्लाहने वर उचलून घेतलं हेही आहे. फक्त ते क्रुसावर गेले हे आम्ही मानत नाही, आणि देवाचे पुत्र असं म्हणत नाही." हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मावशींना राग येण्यासारखं काही राहिलंच नाही. बाहेर आलं की समोर दरीपलीकडे सोनेरी घुमट दिसतो, डोम ऑफ द रॉक, 691-92 मध्ये पुरा झालेला, आणि मुहम्मद पैगंबर मेराजच्या, म्हणजे स्वर्गयात्रेच्या रात्री तिथल्या खडकावरून वर गेले अशी श्रद्धा आहे. दोन्ही जागा एकमेकींसमोर.

तिथून पायी खाली उतरत आम्ही गेथशेमानेच्या बागेत आलो. ऑलिव्हची आठ म्हातारी झाडं आहेत, खोडं इतकी पिळवटलेली की हात लावावासा वाटतो पण कुंपण आहे. त्यातल्या तिघांची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा खोडं बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली, म्हणजे येशूने पाहिलेली झाडं ही नव्हेत, पण बाग हीच मानतात. अटकेच्या आधीची रात्र, शिष्यांना जागे राहा म्हटलं तर ते झोपले, आणि येशू एकटा प्रार्थना करतोय की बापा, हा प्याला माझ्यापासून टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मी एवढं सांगून थांबले आणि सरांना म्हटलं, सर, तुमच्याकडे अशी एखादी रात्र आहे का?

"आहे ना," सर म्हणाले. "ताइफची."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. 619 साल, त्या एका वर्षात पैगंबरसाहेबांची बायको खदीजा गेली आणि पाठीशी उभे असणारे काका अबू तालिबही गेले. जन्माआधी वडील गेलेले, सहाव्या वर्षी आई, म्हणजे पोरकेपण नवीन नव्हतं. मक्केत राहणं कठीण झालं म्हणून ताइफ गावी आसरा मागायला गेले तर तिथल्या लोकांनी पोरं अंगावर सोडली, दगड मारले, चपला रक्ताने भरल्या. बरोबर फक्त मानलेला मुलगा झैद. एका द्राक्षाच्या मळ्यात भिंतीच्या आडोशाला बसले आणि प्रार्थना केली की माझ्या दुबळेपणाचं गाऱ्हाणं मी तुझ्याकडेच मांडतो, तू माझ्यावर रागावला नसशील तर मला बाकी कशाची पर्वा नाही. मळा मक्केतल्या विरोधकांचाच होता, पण त्यांनाही कीव आली, त्यांनी अद्दास नावाच्या गुलामाकडून द्राक्षं पाठवली. हा अद्दास ख्रिस्ती, निनवे गावचा. निनवे ऐकल्यावर पैगंबर म्हणाले, म्हणजे यूनुसच्या गावचा.

मावशी पटकन बोलल्या, "योना? माशाच्या पोटात होता तो?"

"तोच," सर म्हणाले, "आणि अद्दासने वाकून त्यांच्या डोक्याचं, हातापायांचं चुंबन घेतलं असं जुन्या चरित्रात आहे."

आमचा लोकल गाइड, अरब ख्रिश्चन, त्याला मराठी कळत नव्हतं पण 'ताइफ' आणि 'अद्दास' कळले, तो मान हलवत होता.

मला तिथेच काकांना उत्तर देता आलं आणि ते मी आजही तसंच देते. या दोन बागांपर्यंत दोघं अगदी जवळजवळ चालतात, साधी घरं, एक सुतार, एक व्यापाऱ्याच्या काफिल्यात काम करणारा, गावाने नाकारलेले. बागेनंतर रस्ते फुटतात. येशूला दुसऱ्याच दिवशी रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने क्रुसावर दिलं, जाहीर उपदेशाची वर्षं जेमतेम एक ते तीन. मुहम्मदांना पुढे तेरा वर्षं मिळाली. 622 मध्ये ते मदिनेला गेले, तिथे औस आणि खझरज टोळ्या आपापसात लढून थकलेल्या, त्यांना निवाडा करणारा हवा होता. गालील-यहूदियात फौज, कर, कोर्ट सगळं रोमचं आणि रोमच्या मांडलिकाचं, त्यामुळे येशूला कैसराचं, म्हणजे रोमच्या बादशहाचं, ते कैसराला द्या म्हणता येत होतं. मदिनेत कैसरच नव्हता. खुनाची भरपाई, वारसा, तह, लढाई, सगळं एकाच माणसाच्या दारात. त्यात मक्केवाल्यांशी बद्र-उहूदची युद्धं आली, मदिनेतल्या बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या पुरुषांना मिळालेला मृत्युदंडही आला, सरांनी तोही लपवला नाही, आणि 630 मध्ये मक्का घेतल्यावर छळणाऱ्या बहुतेकांना दिलेली माफीही आली. सुरुवातीची तीन वर्षं तर मुहम्मद फक्त जवळच्या लोकांत बोलत होते, तिथेच आयुष्य संपलं असतं तर हातात मूठभर अनुयायी. त्यामुळे येशूच्या तीन वर्षांची मुहम्मदांच्या पैगंबरीच्या तेवीस वर्षांशी सरसकट तुलना मला पटत नाही, बागेची बागेशी करा. काका म्हणाले, "असं कोणी सांगितलंच नव्हतं," आणि सरांशेजारी जाऊन झाडं बघत उभे राहिले.

दुपारी जुन्या शहरात पवित्र कबरेच्या चर्चला गेलो, त्याची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे असते आणि दार दुसरं मुस्लिम घराणं उघडतं, पण तोवर सगळे दमले होते, कोणाचं लक्ष नव्हतं.

रात्री जेवताना काकांनीच विषय काढला, शेवटी दोघांच्या मागे इस्टेट काय राहिली? सर म्हणाले, पैगंबर 632 मध्ये मदिनेत आयेशांच्या खोलीत गेले, अरबस्तान बराचसा ताब्यात होता, आणि त्यांचं चिलखत एका ज्यू माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण पडलेलं होतं, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहात आहे. वसईचे काका दिवसभर फारसे बोलले नव्हते, ते आता बोलले, की प्रभूचा झगा बिनशिवणीचा होता, वरून खालपर्यंत सलग विणलेला, म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकून घेतला. "बास, तेवढंच होतं त्यांच्याकडे," ते म्हणाले, आणि सरांच्या ताटात भात वाढला.