त्यात आता उरलंय कोण?

तुम्ही विचारता, "'इंडियन ओशन' बँडमध्ये आता उरलंय कोण? मग नागपूरहून पुण्याला गेलीस कशाला?" ऑफिसात विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत विचारून झालं. भावाने तर मी निघायच्या आदल्या रात्रीच विचारलं, "काहून एवढी धावपळ करून राहिली?" आणि सोबत आलेल्या मैत्रिणीने परतल्यावर सगळ्यांना सांगितल्यापासून आणखी एक प्रश्न येतो: इतकी वर्षं वाट पाहिलीस, आणि ऐन 'कंदिसा' गाणं सुरू असताना बाहेर का जाऊन उभी राहिलीस?

एकदाच नीट सांगते.

कोण उरलंय ते मला माहीत आहे. गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. गिटारवादक सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. त्याच गाण्याच्या नावाच्या 'कंदिसा' अल्बममधल्या चौघांपैकी बासवादक राहुल राम आणि ड्रमवादक अमित किलम आहेत. ज्या दोघांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड सुरू केला, नेमके तेच दोघं नाहीत. तुम्ही हे मला सांगता तेव्हा त्यात मला नवीन काही नसतं. ही नावं मी तुमच्या आधी मोजली आहेत.

२००० साली तो अल्बम आला तेव्हा मी अकरावीत होते. कॅसेट बर्डीवरून आणली. धंतोलीच्या घरी टेपरेकॉर्डर एकच, तोही आजीच्या खोलीत, त्यामुळे जे ऐकायचं ते तिच्यासमोर. आजी माहेरची जबलपूरची. त्यातलं 'माँ रेवा', म्हणजे नर्मदेचं गाणं, लागलं की हातातलं निवडणं थांबायचं तिचं. ग्वारीघाटावर लहानपण गेलेल्या बाईला रेवा कोण हे सांगावं लागत नाही. राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते आणि हे गाणं त्यांना तिथल्या खोऱ्यात मिळालं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. आजीला त्याची गरज पडली नाही. आमच्या घरात दुसरा कुठलाच बँड चालायचा नाही, हा चालायचा. म्हणून "कॉलेजातलं खूळ" असं कोणी म्हटलं की मला राग येतो, आणि तो येणारच.

तेव्हा का नाही पाहिलं? रात्रीचा कार्यक्रम, परगाव, मुलगी. घरून उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी बघू. नोकरी लागल्यावर रजा मिळेना. मग डिसेंबर २००९ आला. पुढच्या वर्षी '१६/३३० खजूर रोड' या अल्बममधली गाणी बँडने इंटरनेटवर फुकट दिली. त्यात असीम गातात. मी ती उतरवून घेतली आणि तिथेच थांबले. असीमशिवाय हा बँड मी बघणार नाही, असं भेटेल त्याला सांगत सुटले होते. २०१४ चा 'तंदानू' अल्बम ऐकलासुद्धा नाही.

आता पुण्याचं.

असीम मांडी घालून बसायचे, समोर तबला, आणि वाजवता वाजवता गायचे. गळा आणि हात एकाच माणसाचे. समेवर येताना आवाजाने थोडा वेळ घेतला तर हातही तेवढाच रेंगाळायचा, कारण श्वास एकच होता. आता हिमांशू जोशी गातात आणि तुहीन चक्रवर्ती वाजवतात. दोघंही उत्तम आहेत, हे मी मनापासून म्हणते. पण एका माणसाच्या जागी दोन माणसं लागली, हे मंचावर डोळ्यांना दिसतं. कॅसेटवर ते कधी दिसलं नव्हतं.

पहिली गाणी छान गेली. कवी गोरख पांडेंच्या 'हिल्ले ले'ला सगळं सभागृह उभं राहिलं, मीही राहिले. मग 'कंदिसा'. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना. शब्द मला कळत नाहीत, कधी कळायची गरजही वाटली नाही. सुरुवातीचे सूर आले आणि माझे कान एका आवाजाची वाट बघू लागले. प्रत्येक ओळीला मी थांबत होते, तोवर समोर ओळ होऊन जात होती. शेजारी विशीतली एक जोडी डोळे मिटून शब्द न् शब्द गात होती. असीम गेले तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत असतील. मला त्यांचा इतका राग आला की तिथे बसवेना. लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले.

दार बंद झालं. बाहेर एक सिक्युरिटीवाला आणि पाण्याचा जार. दारातून फक्त बास आणि ठेका येत होता, कोण गातंय ते ओळखू येत नव्हतं. आणि त्या ठेक्यावर मला असीमचा आवाज ऐकू यायला लागला. अगदी आमच्या कॅसेटवरचा, जिथे टेप ओढली जायची तिथे तसाच जडावणारा. ज्यासाठी मी पुण्याला गेले होते ते मला त्या दाराबाहेर मिळालं, आणि मिळाल्यावर ते मला नको झालं. आत पाच माणसं जीव तोडून वाजवत होती आणि मी त्यांना गेलेल्या माणसाचे साथीदार करून टाकलं होतं. मी परत आत गेले. तोवर गाणं संपत आलं होतं. 'कंदिसा' मी समोर बसून अर्धंच ऐकलं आहे.

पुढचं सगळं ऐकलं. राहुल राम गाण्यांच्या मधे भरपूर बोलले, लोक हसले, 'बंदे' झालं. 'माँ रेवा' झालं तेव्हा मी जागची हलले नाही.

२००९ मधली मी अजून भांडते. म्हणते, सांगितलं होतं ना. तिचं खोटं नाही, तिला जे बघायचं होतं ते त्या मंचावर नव्हतंच. पण मी तिला विचारते, घरी बसून तू कोणाशी निष्ठा पाळलीस? ज्यांनी असीमबरोबर इतकी वर्षं वाजवलं त्यांनीच वाजवत राहायचं ठरवलं. त्यांच्यापेक्षा तुझं दुःख मोठं होतं का? यावर ती गप्प बसत नाही. म्हणते, त्यांचं ते वाजवणं होतं, माझं ऐकणं होतं, दोन्हींचे नियम एक कसे असतील? याला माझ्याकडे उत्तर नाही. कधी मी सांगते, इंडियन ओशन पाहून आले. कधी सांगते, राहुल राम आणि अमित किलमना पाहून आले. दोन्ही मी खरंच मानते, त्या त्या दिवशी.

ते पुन्हा जवळपास आले तर जाशील का, असंही विचारता. जाईन, आणि सुस्मित सेन वेगळे वाजवतात तिथेही जाईन. 'कंदिसा'ला आत बसेन की नाही, ते मात्र आत्ता विचारू नका.