तुम्ही विचारलेत म्हणून: नवीन इंजिन का घेत नाही

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण कपाटावरच्या त्या काळ्या, तळहाताएवढ्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाकडे बघतो आणि मला तोच प्रश्न विचारतो: "याच्या सुट्या भागांसाठी एवढी वणवण करण्यापेक्षा नवीन इंजिन का घेत नाही?" आजवर मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. त्या "बघू"चा मलाच आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

पैशांचे आधी सांगून टाकतो. तुमचा हिशेब बरोबर आहे. आजवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात बरे नवीन इंजिन आले असते. तेव्हा काटकसर हे कारण नाही, आणि तसे मी कधी म्हटले असेल तर ते खोटे होते.

हे इंजिन मला नागपुरातल्या अजनीच्या एका निवृत्त रेल्वे ड्रायव्हरकाकांनी विकले. त्यांचे थोरले बंधू जहाजावर नोकरीला होते आणि त्यांनी ते इंग्लंडहून आणले होते. ट्राय-अँग या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडचे 'जिंटी', म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या सहा चाकांच्या टाकीवाल्या शंटिंग इंजिनाची प्रतिकृती, १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर बारा व्होल्टच्या डीसी प्रवाहावर चालणारे. ट्राय-अँगची मूळ कंपनी लाइन्स ब्रदर्स १९७१ मध्ये बुडाली आणि पुढच्याच वर्षी ही गाड्यांची मालिका हॉर्नबी या नावाने विकली जाऊ लागली. त्यामुळे या इंजिनाचे भाग ब्रिटनमधून मागवायचे, तर भागापेक्षा टपाल आणि सीमाशुल्कच जास्त पडते. काकांच्या घरी मी ते तीन डबे ओढताना पाहिले होते. पैसे हातात घेताना ते एवढेच म्हणाले, "कपाटात नका ठेवू न भाऊ, चालवत राहा."

घरी आणल्यावर आठच दिवसांत मी ते खोलले. त्याला काहीही झालेले नव्हते. साफसफाई करावी, आत काय आहे ते पाहावे, एवढाच हेतू होता. मोटर सोडवली, स्क्रू काढले, लोखंडी पोलांच्या मधला चुंबकाचा ठोकळा बाहेर काढला, कापडाने पुसला आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवून सकाळी पुन्हा बसवला. त्यानंतर इंजिन एक डबासुद्धा धड ओढेना आणि पाच मिनिटांत हाताला गरम लागू लागले.

दोष कार्बनचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या दोन तुकड्यांचा, असे मी ठरवून टाकले. तुम्ही ज्याला वणवण म्हणता, ती इथून सुरू झाली. सीताबर्डीवरून मिक्सरचे कार्बन आणून पॉलिश पेपरवर घासून मापाचे केले, तर इंजिन आणखीच अडखळू लागले. २३० व्होल्टवर चालणाऱ्या मोटरच्या कार्बनचा अवरोध जास्त असतो. तिथे एखादा व्होल्ट वाया गेला तर कळत नाही, बारा व्होल्टमध्ये मात्र तो लगेच जाणवतो. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीच्या सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा, झिजलेला कार्बन दिला. त्यात तांबे मिसळलेले असते, म्हणून तो लालसर दिसतो. त्यातून दोन तुकडे घडवायला मला तीन रविवार लागले.

मग स्प्रिंग. या मोटरमध्ये दोन्ही कार्बनांवर दाब देणारी एकच तार असते, अंबाड्यातल्या आकड्यासारखी वाकवलेली, आणि तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, कारण एक कार्बन इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेला असतो आणि दुसरा त्यापासून वेगळा राहावा लागतो. गिटारच्या सर्वांत बारीक तारेची पहिली स्प्रिंग मी नळीशिवाय बसवली आणि रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरने तत्क्षणी प्रवाह तोडला. दुसरी नळीसकट केली. ती आजही तिथेच आहे, उत्तम आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

इंजिन मात्र तसेच होते. मे महिन्यात काका घरी आले. मी एकच डबा जोडून गाडी सोडली. त्यांनी मला कूलर बंद करायला सांगितले. दुपारची वेळ, खोली क्षणात तापली, आणि ते खुर्ची पुढे ओढून, डोळे मिटून नुसते ऐकत बसले. गाडी वळणावर रेंगाळली. त्यांनी डबा सोडायला लावला आणि एकटे इंजिन चालवायला सांगितले. ते पूर्वीपेक्षा जोरात पळाले. "आवाज बदलला न याचा," काका म्हणाले. "हे पळून राहिलं जास्त अन् ओढून राहिलं कमी. तुम्ही आतलं काही काढलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

या लेखात मला लपवावेसे वाटले असे हे एकच वाक्य होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हयात इंजिनांच्या आवाजावर घालवलेल्या माणसाला मी खोटे सांगितले आणि त्यांनी ते चहाबरोबर मुकाट्याने घेतले. निरोप घेताना त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही.

पुढे स्पीकर दुरुस्त करणाऱ्या आणि चुंबक चार्ज करून देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी तो ठोकळा नेला. त्याने त्याला एक खिळा लावून पाहिला आणि म्हणाला, "दम निघून गेला भाऊ याचा. मोकळा ठेवला होता का?" जुन्या मोटरींतले हे अल्निको चुंबक पोलांच्या लोखंडातून बाहेर काढले, की स्वतःच्याच उलट क्षेत्रामुळे दुबळे होतात, काढायचेच असेल तर आधी दोन्ही टोकांना जोडणारी लोखंडी पट्टी लावावी लागते. चुंबक दुबळा झाला की मोटर रिकामी जोरात फिरते, प्रवाह जास्त खाते, तापते आणि ओढत नाही. काकांच्या कानाला हेच सगळे ऐकू आले होते. म्हणजे मूळ कार्बन चांगले होते, मूळ स्प्रिंगही चांगली होती, आणि दोन्ही मी टाकून दिले होते.

कारागिराने चुंबक चार्ज करून पट्टी लावून दिला. आता इंजिन दोन डबे ओढते, तिसरा जोडला की जागीच अडून राहते. त्यावरही उपाय आहे: निओडिमियमचा छोटा पण जास्त ताकदीचा चुंबक, शेजारची जागा भरायला पोलादाचे तुकडे, अर्ध्या तासाचे काम. चुंबक आणून ठेवला आहे. कार्बन सेल्फचे, स्प्रिंग गिटारची आणि आता चुंबकही परका, मग काकांचे इंजिन उरले कुठे, असे मी पूर्वी तावातावाने म्हणत असे. आज मला तो युक्तिवाद लटका वाटतो, कारण मूळ भाग जपण्याची भाषा करणाऱ्यानेच ते फेकले होते. तरीही चुंबक बसवायला हात जात नाही. तिसरा डबा चढला, तर मी केलेले नुकसान दिसेनासे होईल, आणि ते दिसेनासे व्हावे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

नवीन इंजिन घेतले, तर हा प्रश्नच उरणार नाही. म्हणून घेत नाही.

काका आता मुलीकडे रायपूरला असतात. फोनवर दर वेळी विचारतात, "डबे किती?" मी दोन सांगतो. चुंबकाचे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.