मेसच्या तेलाचा डबा

रविवार, रात्री साडेदहा

आमच्या महाविद्यालयातील, पर्यायी इंधनांवर काम करणाऱ्या पर्यावरण मंडळात मी दाखल झाले, त्याला आज तीन आठवडे झाले. नाव नोंदवताना माझ्या डोळ्यांसमोर भित्तिपत्रके आणि वृक्षदिंडी एवढेच होते. पहिल्याच दिवशी अंतिम वर्षाच्या ताईने वसतिगृहाच्या मेसमधील तेलाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि आधी हे गाळून घे, असे सांगितले. पुऱ्या आणि भजी तळून काळपट झालेल्या त्या तेलाचा खवट वास दोनदा साबण लावूनही हातांवरून गेला नव्हता.

तळणाचे उरलेले तेल जाते कुठे, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडलाच नव्हता. काही गटारात ओतले जाते, तर काही स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडते, आणि हे दुसरे मला अधिक अस्वस्थ करते. तेच तेल वारंवार तापवले की त्यातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्ये, वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. अशा तेलाचे बायोडिझेल, म्हणजे डिझेल इंजिनात चालणारे इंधन, व्हावे म्हणून प्राधिकरणाने त्याच वर्षी ‘रुको’ हा उपक्रमही सुरू केला.

आम्ही प्रयोगशाळेत तेच करतो, फक्त अर्ध्या अर्ध्या लिटरने. तेल किती खराब झाले आहे, हे आधी टायट्रेशन करून मोजावे लागते. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळायचे, फिनॉल्फथॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेट या खुणांच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. गुलाबी छटा येते, ढवळले की विरते, पुन्हा येते, आणि एका थेंबाला ती टिकून राहते. त्या क्षणी मी श्वास रोखून धरलेला असतो. आम्हाला तिथवर ३.२ मिलिलिटर द्रावण लागले. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल हे अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा घालतात. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, त्यात हे ३.२ मिळवून या तेलाला ६.७ ग्रॅम लागणार होता.

चूक त्यानंतर झाली आणि ती पूर्णपणे माझी होती. मिथेनॉल घालण्यापूर्वी तेल शंभर अंशांच्या वर तापवून त्यातील पाणी घालवायचे असते. तेल अजून तडतडत होते, तरी मला घाई झाली आणि मी ज्योत बंद केली. पुढे ते निववून, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून, पंचावन्न अंशांवर तासभर ढवळून आम्ही थर वेगळे करणाऱ्या सेपरेटिंग फनेलमध्ये ओतले. वर पिवळसर बायोडिझेल आणि खाली तपकिरी ग्लिसरीन असे दोन थर दिसायला हवे होते, परंतु दिसला तो दह्यासारखा घट्ट गोळा. पाण्यामुळे अर्धेअधिक तेल साबण होऊन बसले होते. ताई रागावली नाही, तिने फक्त वहीत कारण लिहायला लावले.

आमच्या गावी विहिरीवर आजोबांचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते, हँडल मारून सुरू करायचे. प्रयोगशाळेतील इंजिनही तसेच एका सिलिंडरचे आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असेच एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे सरांनी सांगितले तेव्हा मला आमच्या भुईमुगाच्या वावराची आठवण झाली. अर्थात, खाण्याचे ताजे तेल इंजिनात जाळावे असे मला मुळीच वाटत नाही. जे ताटात येऊ नये, तेच टाकीत जावे.

म्हणून आज संध्याकाळी मी मेसमध्ये मावशींकडे गेले. डब्यात रश्श्याचा तवंग आणि कढई विसळलेले पाणीही पडते, असे त्यांनीच सांगितले. आमचे काम कशामुळे बिघडते, हे मी त्यांना समजावले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं बाळ, हे आधी सांगायचंस ना!” आणि त्यांनी फळीवरचा झाकणाचा रिकामा डबा काढून, पुसून कोरडा केला. ‘फक्त तळणाचे तेल’ अशी चिठ्ठी मी त्यावर चिकटवून आले आहे. गुरुवारी पुऱ्या आहेत.