तुमचाच एक केस द्या

"तुमचाच एक केस द्या," फिजिक्सच्या गटातल्या त्या आजी म्हणाल्या.

मी अजून दारातच घुटमळत होतो. फिजिक्सचा गट म्हणजे सगळे पीएचडीवाले असणार, हीच धास्ती.

केस लेझर पॉइंटरसमोर धरला, दिवा मालवला. दोन मीटरवरच्या भिंतीवर लाल ठिपक्यांची माळ उमटली! दोन काळ्या फटींमधलं अंतर साधारण 19 मिलिमीटर. आजींनी वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं: लाल प्रकाशाची तरंगलांबी गुणिले भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले हे 19 मिलिमीटर. माझ्या केसाची जाडी 0.07 मिलिमीटर!

"आता सांगा, प्रकाश वळला कसा?"

मग तासभर नुसती चर्चा. माझी पदवी कुणी विचारलीच नाही.

परतताना ऑलिंपिया अकादमी आठवली, आइन्स्टाइनचा मित्रांसोबतचा छोटासा अभ्यासगट. 1902 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला त्याची शिकवणीची जाहिरात वाचून मॉरिस सोलोव्हीन आला, पुढे कॉनराड हाबिश्टही. एकत्र वाचायचं, कडकडून वाद घालायचे. माणसं तीनच.

मी मात्र इतके दिवस मोठा गट शोधत राहिलो. ग्रंथालयात, कॉलेजच्या विभागात, आकाशदर्शनवाल्यांकडे साधं विचारलंसुद्धा नाही. याची आज खरंच हळहळ वाटतेय.

तुमच्या आसपास असं कुणी जमतं का? आणि दोघंच असाल, तर तिसऱ्याला कधी बोलावताय?